वाटाण्याचा वाफा

मला कुणी 'होणार नाही' म्हटलं की संपलंच. ते करून दाखवल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. माहेरी बेळगावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. बंगळूरला बसवनगुडीत माझ्या सासऱ्यांना, हयवदनरावांना, ते कळलं लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला, अठ्ठावन्न साली.

आमच्या परसात विहिरीपलीकडे तांबड्या मातीचा एक तुकडा रिकामा होता. पावसात तिथे नुसता रबरबाट, आणि मामंजींना चिखलाचा भारी तिटकारा. गवंडी बोलावून तिथे दगडी फरशी घालायचं त्यांनी ठरवलं. मी म्हटलं, फरशी नको, मी तिथे वाटाणा लावते, थंडीत घरच्या शेंगा खाऊ. ते हसले. म्हणाले, बंगळूरच्या या मातीत तुझ्याच्यानं वाटाणा व्हायचा नाही. झालं. मी पदर खोचला.

माझं तोंड बघून त्यांनीच अट घातली. "सरी, ठीक आहे. कार्तिकी पौर्णिमेला बसवंत गवंडी येईल. तोवर रोपं दिसली तर जागा राहील, नाही दिसली तर फरशी."

आमचे 'हे', जयतीर्थ, पानातून मान वर न काढता म्हणाले की उतावळा नवरा ऐकला होता, उतावळी सून आज बघितली. मी म्हटलं, उसळ झाली की तुमचंच पान आधी पुढे येईल, बघते की.

सासूबाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्या तशाच, घरात असून नसल्यासारख्या. मामंजी म्हणतील ते सरी. त्यांचं नाव निघायचं ते एका गोष्टीसाठी, नवरात्रातल्या घटासाठी. परडीतल्या मातीवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडून त्या असं धान उगवून आणायच्या की दसऱ्याला आळीतल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या.

तर मी मार्केटातून बी आणलं, रात्री भिजत घातलं, सकाळी वाफ्यात बोटाच्या पेराइतकं खोल पुरलं. आणि मग माझं जे काय सुरू झालं! दूध उतू गेलं, भाजी करपली, कारण दर घडीला मी परसात. आज येईल, उद्या येईल. माती आपली गप्प. दिवाळी तोंडावर आली तेव्हा मला राहवलं नाही. बोटानं उकरलं, तर आत वाटाण्याचा नुसता गिळगिळीत लगदा, वासानं नाक धरावं असा. माझं डोकंच फिरलं.

तडक मार्केटात गेले आणि मला येत होतं तेवढं सगळं कन्नड त्या बीवाल्या दुकानदाराच्या अंगावर ओतलं. तो शांतपणे म्हणाला, अक्का, मूठभर ओल्या फडक्यात बांधून बघा, मोड आले नाहीत तर या भांडायला. बांधून बघितलं. सगळ्यांना टपोरे मोड. म्हणजे बी चोख होतं, आणि मामंजींनी विजयी मुद्रेनं मातीकडे बोट दाखवलं.

मला पटेना. नरकचतुर्दशीला पहाटे आंघोळीचं पाणी काढायला मी विहिरीवर गेले, आणि बघते तर काय, आत्याबाई ओलेत्यानं वाफ्यापाशी उभ्या. हातात तांब्या, ओठात स्तोत्र, आणि वाफ्यात पाण्याची धार. तांब्या रिकामा झाला की पुन्हा बादलीत. रोज असं चाललं होतं. मी उठायच्या आधी यांचा अभिषेक व्हायचा, आणि मी उठून वर माझं पाणी घालायची. ती चिकट माती, निचरा कुठला? बी कुजेल नाही तर काय होईल? अति तिथे माती म्हणतात ते हेच.

मी तोंड उघडलं होतं, खरं सांगते. शब्द जिभेवर आले होते. पण त्या इतक्या दचकल्या की तांब्या हातातून पडला.

"तुझं रुजावं म्हणून घालते गं," त्या म्हणाल्या. "या घरात मी कधी काही लावलंच नाही. म्हटलं, एवढं तरी यावं."

माझा राग कुठच्या कुठे गेला. मला वाटत होतं पैज माझी आहे. इथे माझ्याहून जास्त जीव यांचा टांगला होता.

पण यांना पाणी घालू नका कसं सांगायचं? घट वाढवणारा हात तो. मग सुचलं. मी म्हटलं, आत्याबाई, या खेपेला बी तुमच्या हातचं. घटासारखंच करू, पण घरात. त्यांनी वाटाणे भिजवले, फडक्यात बांधले, चुलीजवळच्या उबेत ठेवले, हवं तेवढं पाणी शिंपडलं. मोड दिसले तेव्हा त्यांनी मला ओढतच स्वयंपाकघरात नेलं. इकडे मी माती उंच करून गादीवाफा केला, राख आणि वाळू मिसळली. दोघींनी मिळून एकेक बी मोड खाली करून लावलं. आणि मग मी म्हटलं, "आता घट उठले, आत्याबाई. उठलेल्या घटाला पाणी घालतात का?"

त्या हसल्या. तांब्या पालथा घातला आणि पुन्हा वाफ्याकडे नेला नाही. वरची माती सुकली की मी हातानं नुसती ओल देत होते, तेवढंच. आम्ही दोघींनी देव पाण्यात घातले.

पौर्णिमेला सकाळी सकाळी बसवंत माणसं घेऊन हजर. मामंजी धोतर सावरत आले. वाफ्यात काही नाही. नुसत्या चिरा पडलेल्या. मी म्हटलं, मामंजी, चिरा पडल्यात म्हणजे खालून काहीतरी ढकलतंय, आजचा दिवस द्या. ते म्हणाले, ठरलं ते ठरलं, मी रोपं म्हटलं होतं, चिरा नव्हे. बसवंतानं पहार उचलली.

तेवढ्यात आत्याबाई पुढे आल्या आणि सरळ वाफ्याच्या कडेला, ओल्या मातीत, मांडी घालून बसल्या. बोटाच्या टोकानं त्यांनी एका चिरेवरचं ढेकूळ अलगद बाजूला केलं. खाली मान घालून वाकलेला, पोपटी कोंब. दुसरं ढेकूळ. तिथेही. मग तिसरं, चौथं, सगळ्या ओळीभर. मी लहान पोरीसारखी टाळ्या पिटायला लागले. 'हे' दाढीचा साबण तोंडावर घेऊन तसेच धावत आले.

आत्याबाईंनी मात्र वर मामंजींकडे बघितलं.

"ही जागा मला हवी," त्या म्हणाल्या.

मामंजी बघतच राहिले. त्यांच्याकडे कुणी काही मागतंय, आणि मागणारी ही आहे, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. बसवंत पहार धरून ताटकळला होता. त्यानं विचारलं, अण्णा, मग काय करायचं?

"मला काय विचारतोस," मामंजी हळूच म्हणाले. "त्यांना विचार."

बसवंत आत्याबाईंकडे वळला. त्या घराच्या कामाचं आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी पदरानं हात पुसले, वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेनं मोजला आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "फरशी राहू दे. वेल वर चढायला काटक्या लागतील. चांगल्या उंच बघून आण."