डीपली सॉरी, पिवळंधमक

इंग्रजीत एकाच ‘खूप’वर भागत नाही. सॉरी असेल तर ‘डीपली’, थंडी असेल तर ‘बिटरली’, शिफारस करायची तर ‘हायली’ आणि गाढ झोपलेल्याला ‘फास्ट’. कॉलेजात मी सगळ्यांना सरसकट ‘व्हेरी’ लावून पदवी घेतली, कुणी अडवलं नाही. पण आता एका हॉटेलात नोकरी निघाली होती. पाहुण्यांच्या तक्रारींना आणि कौतुकाला इंग्रजीत उत्तरं लिहायची, तीही अर्धा दिवस घरून. आणि परीक्षेत नेमक्या ह्याच जोड्या विचारणार होते.

अभ्यासाला वेळ एकच, भोपळ्याला दुपारी झोपवतानाचा. भोपळ्या म्हणजे माझा आठ महिन्यांचा मुलगा. गाल बघून त्याच्या आजीनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी ठेवलेलं नाव. त्याला खांद्यावर टाकून, पाठीवर थोपटत मी खोलीत फेऱ्या मारायचे आणि पुटपुटायचे, “डीपली सॉरी, हायली रेकमेंडेड, बिटरली कोल्ड, फास्ट अस्लीप.” चार-पाच वेळा झालं की त्याचं डोकं जड व्हायचं.

“लोकांची पोरं अंगाईवर झोपतात,” सासूबाई म्हणायच्या, “आमचे साहेब तक्रारअर्जावर.”

“आई, पाठच होत नाहीत हो. कशाला काय लावायचं ह्याला काही नियमच नाही.”

“नियम कशाला हवा? लिंबू कसं असतं?”

“पिवळंधमक.”

“आणि कोळसा?”

“काळाकुट्ट.”

“मग काळ्याला ‘धमक’ लावलंस का कधी? कुणी शिकवलं होतं तुला? ऐकून ऐकून तोंडात बसलं. तसंच हेही बसेल.”

ऐकून बरं वाटलं. पण एक काळजी मिटली की मी दुसरी शोधतेच. परीक्षा भरदुपारी, ऐन त्याच्या झोपेच्या वेळेला. आणि तो आजवर माझ्याशिवाय एकदाही झोपला नव्हता. नोकरी लागली तरी निम्मा दिवस मी बाहेर. रोज हेच होणार असेल तर कसली नोकरी?

“नाहीच झोपला तर मी परत येईन,” निघताना मी सांगितलं.

“बरं. चप्पल सरळ घाल आधी,” सासूबाई म्हणाल्या. मी डावी उजव्या पायात घातली होती.

परीक्षा केंद्राच्या बाहेरच्या खोलीत सगळे माना खाली घालून पुटपुटत बसले होते. तेवढ्यात फोन वाजला. आधी रडणं ऐकू आलं, मग सासूबाई.

“अगं, तुझ्या सगळ्या जोड्या म्हणून बघितल्या. डीपली कोल्ड, बिटरली... पुढचं काय ते. मी अडखळले की हा डोळे वटारून बघतो, आणि परत सुरू!”

“फोन त्याच्या कानाशी धरा.”

भिंतीकडे तोंड करून मी हळू आवाजात सुरुवात केली. शेजारच्या चष्मेवालीला वाटलं, माझी उजळणी चाललीय.

“जरा मोठ्यानं म्हणा ना,” ती म्हणाली आणि तिनं सूर मिळवला. मागच्या बाकावरचे दोघंही सामील झाले. सगळ्यांनी मिळून भोपळ्याची माफी मागितली. तो क्षणभर गप्प झाला. मग माझा आवाज येतोय पण मी दिसत नाही हे लक्षात आलं असावं, कारण दुप्पट जोरानं भोकाड पसरलं.

मी पर्स खांद्याला लावून उठले. दारात केंद्रावरचे गृहस्थ ट्रे घेऊन उभे होते. “फोन बंद करून ह्यात ठेवा. आत चला.”

“आई, मी येते घरी.”

“मुळीच नको. तुझा आवाज ऐकला की तुलाच शोधतो तो. माझ्या तोंडात ज्या बसल्यात, त्या म्हणते मी.” आणि फोन न ठेवताच त्यांनी सुरू केलं, “पिवळंधमक, काळाकुट्ट, लालभडक, हिरवंगार, पांढराशुभ्र, थंडगार...”

अडखळणं नाही की थांबणं नाही. मागे थोपटल्याचा आवाज येत होता, दोन सावकाश, एक हलकं. हे तर माझं थोपटणं! म्हणजे सासूबाई दारातून माझ्या फेऱ्या बघत होत्या. मला वाटायचं, ह्या घरात डोळ्यांत तेल घालून बसणारी मी एकटीच.

रडणं संपलं नव्हतं, पण मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबत होतं.

“बाई, फोन,” ट्रेवाले म्हणाले.

मी फोन ट्रेमध्ये ठेवला आणि आत गेले.

पहिलाच प्रश्न होता: पाहुण्याच्या खोलीतला नळ रात्रभर गळत होता, माफी मागा. मी मागितली. पुढच्या जोड्या आपोआप येत गेल्या. चष्मेवालीनं वळून पाहिलं तेव्हा कळलं, उजव्या हातानं मी लिहीत होते आणि डाव्यानं टेबल थोपटत होते.

बाहेर आल्याआल्या फोन लावला. बराच वेळ वाजला. मग कुजबुज आली, “हळू बोल. दुसऱ्या ‘थंडगार’ला झोपला.”

“खरंच? गाढ झोपलाय?”

“फास्ट अस्लीप,” सासूबाई एका दमात म्हणाल्या. “शेजारी तुझे सासरेही. त्यांना तर ‘हिरवंगार’च पुरलं. पेपर कसा गेला?”

“चांगला गेला.”

“नुसताच चांगला? त्याला पुढे काही लावत नाहीत का तुमच्यात?”

मी इतक्या जोरात हसले की ट्रेवाले गृहस्थ दारातून डोकावले. मग बसथांब्यावर जाऊन बसले. बस यायला वेळ होता. पुन्हा फोन केला नाही.