चाकातला सुस्कारा

अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मधोमध उंच चाकांची जीप उभी होती आणि तिच्या पुढच्या चाकाशी फुंकरबाबा मांडी ठोकून बसला होता. चाकावर काळं फडकं, फडक्याखाली बाबाचे दोन्ही हात आणि फडक्याबाहेर बाबाचं तोंड. सगळ्यात जास्त राबत होतं ते तोंडच.

"वायुरूप झालेला जीव चाकात घर करतो!" बाबा गरजला. "कारण चाक फिरतं आणि जीवही फिरतो. खरं की खोटं?"

"खरं, खरं!" गर्दी म्हणाली. चाक फिरतं याबद्दल तरी कुणाचं दुमत नव्हतं.

बाबाने फडक्यावर फुंकर घातली. सगळे श्वास रोखून उभे राहिले. आणि चाकातून लांबलचक सुस्कारा आला. सुस्स्स्स... पुढच्यांनी हात जोडले, मागच्यांनी मोबाइल उंचावले.

"दादाच तो!" धाकट्या भावाचा आवाज फाटला. "दमून आला की असाच सुस्कारा टाकायचा."

दादाची बायको पायरीवर बसून बघत होती. सगळी आळी तिला वहिनी म्हणायची. दवाखान्यात आखडलेले गुडघे, निखळलेले खांदे पुन्हा हलते करायचं तिचं काम. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती. घास गिळला जायचा, रोग्यांचे गुडघे वाकवले जायचे, पोरीची वेणी घातली जायची. हे सगळं कोणीतरी करत होतं आणि ते कोणीतरी म्हणजे आपणच असणार, असा तिचा अंदाज होता.

खडकाळ वाटांवर लोकांना फिरवून आणायचा नवऱ्याचा धंदा. त्यासाठी जीप त्याने स्वतःच्या हातांनी उंच करून घेतली होती. पुलाच्या तोंडाशी ती एक दिवस रस्ता सोडून खाली गेली, त्याला घेऊनच. दुरुस्त होऊन आली ती दिराच्या हाती. आणि त्याच पुलावर, साठच्या वर वेग गेला की स्टिअरिंग पिसाटल्यासारखं हलायचं, कुणीतरी हातातून हिसकावून घ्यावं तसं. वेग कमी केला की शांत.

बाबाने जीव काढला की दोन दिवस थरथर बंद. मग पुन्हा सुरू. जीव परत का येतो, याचं उत्तर बाबाकडे तयार होतं: "बायकोने डोळ्यांतून टिपूस काढलेलं नाही. सुटेल कसा बिचारा?" तेव्हापासून सासूबाई सुनेशी कामापुरतंच बोलत होत्या.

आज शेवटचा उपाय होता. बाबा उठला, फडक्याची घडी घातली. "आता पोरीला पुढच्या सीटवर बसवा. पुलावरून गाडी भरधाव न्या, अजिबात हळू करायची नाही. बाप लेकीला इजा करेल का?"

या प्रश्नाला 'हो' म्हणायची कुणाची छाती होणार?

"काका, खिडकीजवळ मीच ना?" पोरगी चढायलाच निघाली.

"बस हं राणी. पंपावर हवा मारतो नि निघूच," दीर म्हणाला. "दर दोन दिवसांनी हवा मारतोच मी गाडीत. दादाची शिस्त!"

वहिनीची नजर मघापासून चाकावर होती. टायर खाली पसरलं होतं, दिवसभर उभं राहिलेल्या माणसाचा पाय घोट्याशी सुजावा तसं. सकाळी ते असं नव्हतं. सुस्कारा येतो, टायर बसतं, थरथर थांबते. दीर हवा भरतो, थरथर परत येते. मनातलं सगळं बधिर झालं होतं. डोळे तेवढे शाबूत होते.

ती उठली. पोरीला दंडाला धरून खाली उतरवलं.

"महाराज, अजून एक चाक राहिलंय ना? घाला फुंकर."

बाबा खुलला. पुन्हा मांडी, पुन्हा फडकं, पुन्हा सुस्कारा. आणि सुस्कारा ऐन रंगात आला असताना वहिनीने फडकं उचललं.

चाकात हवा भरायच्या नळीवर टोपण घट्ट बसवलेलं होतं आणि तरीही त्यातून हवा सुटत होती. तिने टोपण काढलं, तळहातावर झटकलं. एक बारीक मणी पडला.

शेजारच्या पेन्शनर काकांची स्कूटर फाटकाशी होती. वहिनीने मणी टोपणात ठेवला आणि टोपण स्कूटरच्या नळीवर पिळून बसवलं. आतला मणी नळीतल्या हवा अडवणाऱ्या खिळीवर दाबला गेला. सुस्स्स्स...

"काका, हा कुणाचा जीव?"

"अगं ए, माझ्या घरात सगळे धडधाकट आहेत!" काका ओरडले. "काढ ते आधी! दुकानापर्यंत ढकलत मी न्यायची का?"

गर्दी फिसकन हसली. बाबा मात्र मुरलेला होता. "हसा! पण थरथर कशाने थांबायची ते सांगा ना बाई!"

प्रश्न बरोबर होता. तो टाळून चालणार नव्हतं.

"मऊ टायर धक्का गिळतं म्हणून थांबायची. दुखणं आत तसंच राहायचं. भाऊजी, इंजिन सुरू करा. गाडी जागची हलवू नका, फक्त स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे हलवत राहा."

ती जीपखाली सरपटली. गुडघा तपासायचा तो असाच: कुणीतरी पाय हलवायचा आणि आपण सांध्यावर हात ठेवून कुठे खटखटतं ते बघायचं. एकेका जोडावर तिने बोटं ठेवली. गप्प. गप्प. पुढच्या चाकांच्या आसाला जागेवर धरून ठेवणारा एक आडवा दांडा होता. त्याच्या टोकाला बोटांखाली खट्‌ झालं. पुन्हा खट्‌.

"इथे. हात लावून बघा."

दीर इंजिन बंद करून उतरला, वाकून हात लावला आणि बोल्ट सोडवला. भोक मोठं, बोल्ट बारीक. खेळून खेळून भोक लांबट झालं होतं. पुलाच्या तोंडाशी आडवी लोखंडी पट्टी आहे. वेगात तिचा दणका बसला की हा सैल दांडा आसाला आवरू शकायचा नाही आणि स्टिअरिंग नाचायचं. पुलावर भूत नव्हतं, पट्टी होती.

दिराने बोल्ट बोटांत फिरवला. "हा... गाडी उंच केली तेव्हा दादानेच घातला होता."

"हो," वहिनी म्हणाली.

बाबा केव्हा सटकला, हे मोबाइल उंचावलेल्यांनाही टिपता आलं नाही. फडकं मात्र राहिलं. त्याला दिराने ग्रीसचे हात पुसले.

वेल्डरकडून भोक भरून नेमक्या मापाचं पाडलं, जाड बोल्ट बसला, हवा भरली. पहिल्यांदा दीर एकटाच पुलावरून गेला, मग वहिनी शेजारी आणि पोरगी मागे बसली. पट्टीवर दणका बसला. स्टिअरिंग ढिम्म हललं नाही.

दारात सासूबाई उभ्या होत्या. "म्हणजे तो नव्हता?"

"नव्हता, आई."

"मला वाटायचं, निदान गाडीत तरी आहे." त्या खाली बसल्या. सून त्यांच्याजवळ बसली. बऱ्याच दिवसांनी त्यांनी तिचा हात हातात घेतला.

आपल्या माणसाला शोधावंसं वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. पण गाडी थरथरली तर आधी वाकून गाडीखाली बघा, हात लावा, विचारा. आणि सुस्कारा फडक्याखालून येत असेल तर फडकं उचला. कुणीतरी उचललंच पाहिजे. पुढच्या सीटवर लेकरू बसणार असतं.

वहिनीला त्या दिवशीही रडू आलं नाही. सासूबाईंनी विचारलंही नाही. पोरगी मागच्या सीटवर झोपली होती. तिला उचलून आत न्यायचं होतं.