सासऱ्यांनी कोरलेल्या ढोल्या

दरीतल्या जंगलात म्हातारी झाडं उरली नव्हती, त्यामुळे ढोल्याही नव्हत्या. मग उडत्या खारींनी पिल्लं घालायची कुठं? त्यांचा अभ्यास करणाऱ्या सुनेनं चाळीस लाकडी पेट्या झाडांवर बसवल्या. दोन वर्षं लोटली. पेट्यांत मुंग्या आल्या, गांधीलमाशा आल्या. खार काही फिरकली नाही.

जेवताना ती हे सांगत होती आणि सासरे खाली मान घालून ऐकत होते. त्यांचा उभा जन्म लाकूडतोडीत गेलेला. दुसऱ्या दिवशी ते तिच्या गाडीत जाऊन बसले. भर दुपारी शिडीवर चढून त्यांनी एका पेटीत हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"ही पेटी आहे की भट्टी? तुझ्या खारी शहाण्या आहेत, सूनबाई."

"मग काय करू, बाबा?"

"जिवंत खोडातच ढोली कोरू. भिंत चांगली चार बोटं जाड ठेवू."

सत्तरीचा माणूस, कुरकुरणारे गुडघे आणि हातात करवतीचं मशीन! पण कमरेला दोर बांधून ते सरसर वर गेले, तेव्हा ती बघतच राहिली. त्यांनी खोडाची दर्शनी फळी अखंड कापून काढली, आत पोकळी कोरली, फळीला खारीपुरतं भोक पाडलं आणि ती परत इतकी चपखल बसवली की सांधा दिसेना.

"झाड पाडलं आणि आत ढोली निघाली की चडफडायचो," ते वरूनच म्हणाले. "म्हणायचो, लाकूड वाया गेलं."

महिनाभरात अशा बारा ढोल्या झाल्या. उन्हाळ्यात तिनं तापमान मोजलं: पेटीत एकेचाळीस, ढोलीत एकोणतीस. आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिनं तीनदा मोजलं. आकडे हलले नाहीत.

पुढच्या वर्षी लांब काठीला कॅमेरा बांधून ती ढोल्या तपासत होती. पाचव्या ढोलीत पाल्याचं मऊ अंथरूण दिसलं, त्यावर अंग चोरून बसलेली खार आणि तिच्या पोटाशी दोन पिल्लं.

"बाबा, लवकर या!" तिचा आवाज चिरकला.

सासरे कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकले.

"डोळे केवढे गं!" ते पुटपुटले. मग म्हणाले, "भिंतीला ओल तर नाही ना धरलेली? नीट बघ."

तिनं कॅमेरा हळूच फिरवला. भिंत कोरडी ठणठणीत होती.