हबका

"पाणी कुणी मारलं यांना? भावजी, अहो बुडवून मारलीत की पोरं!"

मेहुणी पिशवी खांद्यावरून न उतरवताच खिडकीपाशी ओणवी झाली होती. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातल्या काळ्या मातीवर टोमॅटोची रोपं आडवी पडली होती. मातीला लागून त्यांच्या माना दोऱ्यासारख्या बारीक होऊन कुजल्या होत्या.

कडकमामांनी इस्त्री उभी करून ठेवली. "माना टाकायला लागली म्हणून तर पाणी दिलं. जास्त टाकल्या, जास्त दिलं."

"कशानं दिलं?"

मामांनी नुसतं टेबलाकडे पाहिलं. इस्त्रीशेजारी पाण्याचं भांडं होतं. जन्मभर तेच केलं होतं त्यांनी: कापड मरगळलं की बोटं भांड्यात बुडवायची, हबका मारायचा, वरून इस्त्री. मग कसलंही कापड ताठ उभं राहायचं. त्यांच्या हातच्या कॉलरी वाकायच्या नाहीत आणि तेही कुणापुढे वाकायचे नाहीत, म्हणून गल्लीने त्यांना कडकमामा केलं होतं. टेबलाला लागूनच खिडकी. कापडावर एक हबका मारला की दुसरा आपसूक डब्यात पडायचा. हाताला कुठं कळतं, हे सुती आणि ते जिवंत?

"बी उरलंय ना थोडं?" मेहुणीने विचारलं.

"सगळं टाकलं."

"सगळं? एकदम?"

"शर्ट आले की एकदमच करतो मी. अर्धे ठेवून देत नाही."

मेहुणी हसली आणि पुन्हा डब्यावर ओणवी झाली. ते बी तिच्या ताईचं, मामांच्या बायकोचं होतं. दर वर्षी झाडावरचं सगळ्यात देखणं फळ ताई खाऊ द्यायची नाही. पिकू द्यायची, मग त्याचं बी कागदावर वाळवून क्रीमच्या डबीत भरायची. "फळ सोडून बिया कसल्या राखतेस? अजब संसार तुझा," असं मामा म्हणायचे आणि ती म्हणायची, "तुम्ही खा हो. राखणारी मी आहे." यंदा राखणारीच उरली नव्हती. डबीत गेल्या खेपेचं बी होतं, आणि तेच अखेरचं. आयुष्यात कधी मातीत बोट न घातलेल्या माणसाने ते पेरलं होतं आणि हबके मारून झोपवलं होतं.

"थांबा, थांबा," मेहुणी डबा फिरवत म्हणाली. "ही कोपऱ्यातली तीन जगतील. कपड्यांच्या गठ्ठ्यानं वाचवली बिचारी." गठ्ठ्याआड पाणी पोचलं नव्हतं. तीन रोपं खिडकीच्या उजेडाकडे माना लांबवून उभी होती, पण काटकुळी, आता मोडतील की मग अशी. "आता वरची माती सुकेपर्यंत पाणी नाही म्हणजे नाही. डबा रोज फिरवायचा, म्हणजे एकाच बाजूला वाकणार नाहीत. आणि कुरवाळायचं."

"काय करायचं?"

"कुरवाळायचं. असा वरून तळवा फिरवायचा. घरात वारा कुठाय त्यांना? हलली तर देठ जाड होतो. ताई रोज करायची की. तुम्हाला काय वाटलं, लाड चालायचे?"

मामांना तसंच वाटलं होतं. सकाळी इस्त्री तापेपर्यंत ती खिडकीशी उभी असायची. रोपांवरून हात जायचा, यायचा, आणि ओठांत काहीतरी चाललेलं असायचं. "मांजर पाळलंयस का?" ते विचारायचे. ती नुसती हसायची. ह्या खोलीत तिसरं माणूस कधी जन्माला आलं नाही. त्याबद्दल दोघांनी कधी तोंडही उघडलं नाही.

"काय म्हणायची गं ती?"

मेहुणीने पिशवी खाली ठेवली आणि आईच्या ओवीच्या चालीवर हळूच म्हटलं,

"वाऱ्यावाचून वाढलं, बाळ उन्हाला भिईल,
माझा हात झाला वारा, मान ताठ गं होईल."

मामांनी उगाचच इस्त्रीला बोट लावून पाहिलं. चाल ओळखीची होती. शब्द मात्र आज पहिल्यांदा कानांत शिरले. इतकी वर्षं इस्त्रीच्या फुसकाऱ्याखाली ते गेले होते.

दुसऱ्या सकाळी त्यांनी तळवा फिरवला आणि एक रोप मोडलं. जीन्स दाबून दाबून घडलेला हात तो. ते कितीतरी वेळ मोडलेलं रोप चिमटीत धरून उभे राहिले. मग स्वतःलाच रागावले, "शहाण्या, रेशीम कसं करतोस?" रेशमावर इस्त्री टेकवायची नसते, नुसती दाखवायची असते. त्यांनी तळवा दाखवला. रोपं शहारली, झुकली, परत उभी राहिली. मामांनी चोरट्यासारखं दाराकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात पहिली ओळ म्हटली. दुसरीला सूर सुटला. रोपांनी चालवून घेतलं.

देठ जाड झाले. त्यांच्यावर बारीक लव आली. मेहुणी पुन्हा आली तेव्हा मामांनी डबा असा पुढे केला, जशी नातवंडं दाखवावीत.

"बाई बाई! भावजी, गुण आहे तुमच्या हाताला!" ती म्हणाली. मग खिडकीबाहेर मान काढून तिने वर पाहिलं. गेल्या वर्षभरात समोर उंच इमारत उठली होती. "पण ऊन? इथं आता पानं येतील, फळ नाही धरायचं. माझ्या अंगणात द्या."

"नाही. ती तिची आहेत. ह्या घरातून जायची नाहीत."

"फळ नाही तर बी नाही, भावजी. मग संपलंच की सगळं."

मामांनी डबा आपल्याकडे ओढला.

"आणि हे बी आलं कुठून? आमच्या आईचं. ताई लग्नात पदराला बांधून घेऊन आली होती. माहेरी पाठवताय असं समजा. एक ठेवा हवं तर तुम्हाला."

मामांनी दोन्ही रोपांवरून एकदा हात फिरवला. मग चमच्याने मातीसकट एकेक उचललं, मुळं कागदी पेल्यात बसवली, देठाभोवती माती बोटांनी बसती केली.

"दोन्ही ने. एकटं नको."

मेहुणीने पेले छातीशी धरले आणि जिना सावकाश उतरली.

मामांनी गठ्ठ्यातला पुढचा कपडा ओढला. पांढराशुभ्र उशीचा अभ्रा. पसरून पाहतात तो त्यावर हिरवट-पिवळे ठसे, अंगठा आणि दोन बोटं. क्षणभर त्यांच्या तोंडावर जुने शब्द आले, "हात धू आधी! गिऱ्हाइकाचं पांढरं आहे!" दर वर्षी ह्याच दिवसांत ते असे खेकसायचे, ती हात मागे लपवायची, आणि हे डाग कशाचे ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी आपला अंगठा ठशावर ठेवला. बरोबर बसला. बोटांना टोमॅटोच्या पानांचा उग्र, हिरवा वास येत होता.

अभ्रा गिऱ्हाइकाचा होता. धुवायला तर हवाच होता. मामांनी बादलीत पाणी घेतलं, साबण काढला आणि अभ्रा मांडीवर घेऊन, पाण्यात न घालता, ते तसेच बसून राहिले.