भाऊंची ओवाळणी

भाऊबिजेला आमदार भाऊ नाशिक रोडच्या मंगल कार्यालयात खुर्चीवर बसायचे आणि बाया रांगेने येऊन त्यांना ओवाळायच्या. ओवाळलं की साडी मिळायची, पिशवीवर भाऊंचा हसरा फोटो. एवढ्या बहिणींचा एकुलता एक भाऊ होणं काही खायचं काम नाही. पण निवडणूक जवळ आली की माणसाला माया फुटते.

यंदा लंकाबाईने ओवाळलं, पण साडी घेतली नाही.

"भाऊ, ओवाळणी मागू का?"

समोर सगळ्यांचे मोबाइल उंचावलेले. भाऊ हसले. "माग ना, ताई. बहिणीला कधी नाही म्हणेन का?"

"आमच्या गल्लीमागचा भूखंड प्रसूतिगृहासाठी राखीव आहे. त्याचं आरक्षण उठवून तो बिल्डरच्या घशात घालू नका. एवढंच द्या."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट. भाऊंनी लंकाबाईच्या डोक्यावर हात ठेवला. "दिलं!"

युक्ती लंकाबाईचीच होती. समोरच्या घरातल्या नूरबानोची लेक अलिशा मागच्या वर्षी दवाखान्याच्या वाटेवर रिक्षातच बाळंत झाली आणि बाळ हाती लागलं नाही. तेव्हापासून या दोघी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होत्या. शेवटी लंकाबाई म्हणाली, भर सभेत ओवाळणी मागू, भावाला शब्द फिरवता येत नाही. तिच्या कळवणच्या भावाने एकदा ओवाळणीत दुभती म्हैस दिली होती. त्याची बायको महिनाभर बोलली नाही, पण म्हैस काही परत गेली नाही. बिचारीला सगळे भाऊ कळवणचेच वाटले.

तुळशीची लग्नं लागली आणि भूखंडाभोवती पत्रे उभे राहिले. त्यावर भला मोठा फ्लेक्स: 'माहेर हाइट्स', चौदा मजले. कोपऱ्यात लंकाबाई हातात ताट घेऊन भाऊंना ओवाळतेय, तोंडभर हसू. खाली लिहिलेलं, 'बहिणीच्या मागणीला भावाचा मान. तळमजल्यावर मोफत आरोग्य कक्ष.' नकाशात तो कक्ष जिन्याखाली होता, सायकली ठेवतात तेवढा.

दूधवाला पुंजा म्हणाला, "मावशी, मोठ्या लोकांत ऊठबस वाढली म्हणायची!" नळावरच्या बाया तिला पाहून हंडे उचलून चालत्या झाल्या. नूरबानोने तर दारच लावून घेतलं. "बानो, अगं मला यातलं काही माहीत नव्हतं," असं लंकाबाई त्या बंद दाराला सांगत राहिली, आणि आतून फक्त भांड्यांचा आवाज आला. ज्या घरातलं बाळ गेलं त्या घराच्या मागेच आपण पत्र्यावर हसत उभ्या आहोत, या विचाराने तिला घास गिळवेना.

मग एका दुपारी भाऊंचा माणूस किशोर आला, बूट न काढता सरळ आत.

"काकू, उद्या भूमिपूजन आहे. भाऊ आधी तुमच्या दारात येणार, तुमच्या हातचं औक्षण घेऊनच नारळ फोडणार. ताट तयार ठेवा."

"मी नाही ओवाळणार."

किशोर चिडला असता तर बरं झालं असतं. तो भिंतीवरचा तिच्या मुलाचा फोटो निरखत राहिला. "सार्थक ना हा? अंबड एमआयडीसीत कामाला जातो. कंपनी आपल्या ओळखीतलीच आहे." जाताना त्याने दार अगदी हळू ओढून घेतलं.

सकाळी गाड्या आल्या. गल्ली ओट्यांवर जमली. भाऊंनी पायरीखाली चपला काढल्या, मागे मोबाइलवाले.

लंकाबाई मोकळ्या हातांनी दारात उभी होती. "भाऊ, मी दवाखाना मागितला होता, जिन्याखालची खोली नाही. तुम्ही भर सभेत शब्द दिलात. आधी पत्र्यावरचा माझा फोटो उतरवा."

किशोरने हाताने खूण केली आणि मोबाइल खाली आले. भाऊंचं हसू मात्र जागच्या जागी होतं. ते जवळ सरकले आणि घरच्या माणसाने विचारावं तसं हळूच म्हणाले, "ताई, सार्थकला सध्या कोणती पाळी आहे? घरी कुठल्या रस्त्याने येतो ग?"

लंकाबाईने चौकट धरली. तिला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मोठ्याने विचारा, भाऊ," ती म्हणाली. आवाज चिरकला, तरी ती थांबली नाही. "गल्लीला ऐकू द्या. माझा पोरगा कुठल्या रस्त्याने घरी येतो, हेच विचारताय ना?"

कोणी हललं नाही. पुंजाने मान खाली घातली. तेवढ्यात समोरची कडी निघाली. नूरबानो अनवाणी गल्ली ओलांडून आली आणि लंकाबाईच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

"एकटा नाय येत, साहेब," ती म्हणाली. "माझ्या लेकाच्या, उमरच्या गाडीवर येतो. दोघं बरोबर असतात."

लंकाबाईने तिचा हात घट्ट धरला. तिला रडू फुटलं. भाऊंनी दोघींकडे पाहिलं, मग समोरच्या उघड्या दाराकडे, मग किशोरकडे.

"दोघं का?" ते म्हणाले. "बरं झालं सांगितलंत."

आणि चपला पायात सरकवून ते नारळ फोडायला गेले.