साडेअकराशेची गल्ली

खेळातला रणगाडा मैदानाच्या मधोमध उभा करून त्याने मोबाइल पत्र्याच्या डब्याला टेकवून ठेवला आणि समोरच्या, दुरुस्तीला आलेल्या शिलाई मशीनला तेल घालायला घेतलं. पलीकडचा खेळाडू आधी जरा बिचकला. मग त्याने एकामागून एक गोळे मारले. पडद्यावर ‘हरलात’ असं आलं. मशीनवाल्याने तेल न लागलेल्या करंगळीने पुढचा सामना लावला.

"बाबा, हे काय चाललंय?" मुलगी मागे येऊन उभी होती. सुट्टीच्या दिवशी ती दुपारची बापाकडे यायची.

"हरतोय."

"ते दिसतंय. मुद्दाम?"

"मुद्दामच. चुकून हरायला फार वेळ लागतो."

बायकोला जाऊन पाच महिने झाले होते. खेळ तिचा, मोबाइलही तिचाच. दुपारी दुकानाचं दार लोटलं की ती मागच्या खोलीत खाटेवर बसून खेळायची. खेळातलं तिचं नाव बॉबिन. ज्याचे गुण आपल्या जवळपास, तोच गडी हा खेळ समोर आणून उभा करतो. तिचे गुण साडेअकराशेच्या पुढेमागे असायचे, आणि त्या गल्लीत दुपारी फारसं कुणी फिरकत नसे. त्यामुळे रोज एकच गडी समोर यायचा. मुंगूस नावाचा. बाई की बुवा, म्हातारं की पोर, काही ठाऊक नव्हतं. बोलायची सोयच नव्हती. ‘उद्या भेटू’ वगैरे दोन-तीन तयार वाक्यं तेवढी दाबता यायची. असं दोन वर्षं चाललं. जेवायला हाक मारली की ती म्हणायची, "थांबा हो, मुंगसाला एकदा लोळवते नि येते."

ती गेल्यावर त्याने मोबाइल हातात घेतला. तिचं खातं ओस पडू नये, एवढंच मनात होतं. पहिल्या आठवड्यात मुंगूस चारदा भेटलं. मुंगसाला वाटलं असणार, बॉबिनच आहे. जाताना ‘उद्या भेटू’ म्हणालं, यानेही तेच दाबलं. पण चाळीस वर्षं बारीक स्क्रू फिरवलेला हात. बघता बघता गुण पंधराशेवर गेले. बायकोला वर नेल्याचा त्याला अभिमान वाटत होता, तोवर ध्यानात आलं की मुंगूस दिसेनासं झालंय. आपणच तिला ओळखीच्या गल्लीतून उचलून परक्या वस्तीत नेऊन ठेवलं होतं. तेव्हापासून तो हरत खाली येत होता.

हे त्याने मुलीला सांगितलं. ती ऐकत होती, पण चेहरा काही सैल झाला नाही.

"आई कधी मुद्दाम हरली नाही. तिच्या नावावर साठ वेळा हरलात तुम्ही."

"बासष्ट."

तेवढ्यात पडद्यावर लाल चौकट आली. मुलीने मोठ्याने वाचलं. मुद्दाम हरत असल्याचं आढळलं आहे. पुन्हा आढळल्यास खातं कायमचं बंद होईल.

"झालं समाधान? आता पुरे करा, बाबा. तिचं एवढंच तर उरलंय. कोण कुठलं मुंगूस."

"कोण का असेना. रोज वाट बघत असेल. दुकान बंद केलं तर दारावर चिठ्ठी लावतो ना आपण?"

"आणि इथे कुठे लावणार चिठ्ठी?"

तो हाताचं तेल फडक्याला पुसत राहिला. शेवटी मुलगीच म्हणाली, "नाव बदलता येतं. समोरच्याला ते दिसतं. पण एकदाच हं. मग बॉबिन परत नाही."

"तू लिही."

"मी नाही लिहिणार. तुम्ही लिहा."

त्याने एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘बॉबिन गेली’. थोडा वेळ नुसता बघत राहिला. मग ‘ठीक’ दाबलं.

अजून दोनदा हरायला हवं होतं, आणि तेही खरंखुरं. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला.

"ही लबाडी नाही का?"

"तुझी आई कुठे लावायची चष्मा? आता जीव तोडून खेळतो. बघ."

आणि तो खरंच जीव तोडून खेळला. भिंतीलाच शत्रू समजून त्याने सहा गोळे मारले. "डावीकडे, बाबा, डावीकडे," मुलगी न राहवून म्हणाली. "सांगू नकोस," तो म्हणाला आणि हरला. दुसऱ्या वेळी आणखी लवकर.

तिसऱ्या सामन्याला मुलगी म्हणाली, "आलं."

त्याने चष्मा लावला. समोर मुंगूस हे नाव होतं, आणि त्याच्या बाजूला आपलं नवं नाव. भिंतीआडून मुंगसाचा रणगाडा नेहमीसारखा झोकात बाहेर आला, तोफ रोखली आणि थांबला. गोळा सुटला नाही. तोफ हळूहळू मैदानाबाहेरच्या दिशेला वळली. मग रणगाडा सावकाश पुढे आला आणि बॉबिनच्या रणगाड्याशेजारी उभा राहिला.

"बाबा, एखादा गोळा मारा," मुलगी हळूच म्हणाली. "असं नुसतं उभं राहिलात तर खातं जाईल."

"जाऊ दे," तो म्हणाला आणि दोन्ही अंगठे पडद्यावरून बाजूला घेतले. कोपऱ्यात सेकंद उतरत होते. ते संपेपर्यंत दोन्ही रणगाडे तसेच उभे होते.