पाव फेरा

टेंपोचं इंजिन मी डोळे मिटून खोलतो, पण माझ्या दहा वर्षांच्या प्राचीच्या तोंडात चावी घालायची म्हटल्यावर मला घाम फुटला. तिचा वरचा जबडा अरुंद, त्यामुळे वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसायच्या. कर्जतच्या दातांच्या डॉक्टर संध्याताईंनी तिच्या टाळूला एक स्क्रू बसवला. रोज चावीचा पाव फेरा, पुढून मागे. या वयात टाळूचं हाड उघडून जबडा रुंद झाला तर ठीक, नाहीतर मोठेपणी ऑपरेशन, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

आठ दिवस मी नेमाने चावी फिरवली. नवव्या दिवशी सकाळी प्राची हसली आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. पुढचे दोन दात कालपर्यंत चिकटून होते. आज त्यांच्यामध्ये तांदळाचा दाणा बसेल एवढी फट. माझी बायको जागृती रडायलाच लागली. शेजारच्या सुनंदाकाकू आल्या आणि चांगल्या दातांचं वाटोळं केलंत, असा निकालही देऊन गेल्या. दुपारपर्यंत आमच्या अख्ख्या भिसेगावला कळलं.

मी म्हटलं, नट जास्त आवळला की उलटा फिरवून सैल करायचा, त्यात काय एवढं. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणारा माणूस मी. चावी घेऊन बसलोसुद्धा. प्राचीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"पप्पा, उलटी फिरवायची नाय. आधी डॉक्टरांना विचारा."

पोरीपुढे कोणाचं चालतं? तसाच टेंपो काढला. डॉक्टरांनी तिच्या दातांत एक छोटी पट्टी धरून एक्स-रे घेतला आणि स्क्रीनवर दाखवला. टाळूच्या मधोमध काळी पाचर. हाड तडकलं, सगळं संपलं, असंच मला वाटलं.

"उघडलं, रूपेशभाऊ," डॉक्टर म्हणाल्या. "ह्याच फटीची मी वाट बघत होते."

त्या काळ्या जागी नवं हाड भरेल, पुढचे दात हळूहळू आपोआप जवळ येतील आणि ऑपरेशनची पाळी बहुतेक येणारच नाही, असं त्यांनी समजावलं. मी चावी उलटी फिरवायला निघालो होतो हेही मी कबूल केलं. त्यांनी प्राचीची पाठ थोपटली.

अजून पाच दिवस फिरवायची होती. संध्याकाळी चावी हातात घेतली, तर डोळे असे भरून आलेले की स्क्रूचं भोकच दिसेना. नवा टेंपो दारात आला तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. प्राचीने माझं मनगट घट्ट धरलं.

"मी हाय ना, फिरवा आता," ती म्हणाली आणि तिने मोठ्ठा आ केला.